रिकामा ताबा

तुम्हालाही सरकारी लिलावातलं घर घ्यायचंय असं कानावर आलं. घ्या की. आजकाल ज्याच्या गाठीला चार पैसे साठले तो घरमालक व्हायला निघतो. घर स्वस्तात उचलायचं, भाडेकरू बसवायचा आणि दर महिन्याला भाडं मोजत पाय पसरून बसायचं. ऐकायला किती छान वाटतं! म्हणून तर ज्यांना स्वतःच्या मोरीतला नळ बदलता येत नाही, असे लोकही बोलीची पाकिटं घेऊन रांगेत उभे राहतात.

तो दिवा जरा इकडे ओढा. वीज आज लवकर येणार नाही. आणि मधेमधे बोलू नका, माझी तंद्री मोडते.

धंदा असा आहे. लोक ऐपत नसताना कर्ज काढून घर घेतात, हप्ते थकवतात आणि मग रडतात. सरकारी खातं घर ताब्यात घेतं, दाराला सील ठोकतं आणि लिलावात काढतं. बोली बंद पाकिटात. त्याआधी एक दिवस घर बघायला उघडं ठेवतात. जसं आहे तसं आणि जिथे आहे तिथे घ्यायचं. नंतर छप्पर गळतंय म्हणून बोंबलत गेलात, तर तिथला साहेब फाइलमधून मानही वर काढत नाही. आणि खरी मेख पुढे आहे. आत कुणी घुसून राहत असेल, तर त्याला बाहेर काढायची डोकेदुखी घेणाऱ्याची. खातं काखा वर करून मोकळं. कागदावर घर रिकामं असतं, पण कागदावर विश्वास ठेवणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. त्यामुळे आत नुसता एखादा माणूस दिसला की निम्मे बोलीवाले दारातूनच परत फिरतात.

मग मी काय करायचो? घर रिकामं असलं की मीच त्यात माणूस बसवायचो.

ते चावी सांभाळणारे लोक तुम्ही पाहिलेच असतील. चहापाण्याचं बघितलं की आदल्या संध्याकाळी मागचं दार आपोआप उघडं राहतं. आत एक गादी टाकायची, दोरीवर दोन शर्ट, कोपऱ्यात पातेलं, आणि खिडकीत औषधाच्या बाटल्या. बाटल्या महत्त्वाच्या. आजारी माणसाला घराबाहेर काढायचं म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. माझ्या माणसाने गादीवर पडून राहायचं आणि कुणी विचारलं की एवढंच म्हणायचं, "हे माझं घर आहे. मी कुठे जाणार नाही." बघायचा दिवस संपला की सामान गुंडाळून परत. रिकामं घर मला मातीमोल भावात मिळायचं.

तो माणूस म्हणजे माझा मेहुणा. तो रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. आमच्या हिने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला लहानाचा मोठा केला, आणि लग्नात भांड्यांबरोबर तोही माझ्या घरी आला. शिक्षण अर्धवट, नोकरी कुठे टिकली नाही. मागच्या खोलीत राहायचा. जेवायला बसला की मी विचारायचो, "काय साहेब, आज काय दिवे लावलेत?" तो मान खाली घालून जेवायचा. पाहुणे आले की न सांगता मागच्या खोलीत जायचा. एवढी समज मात्र होती त्याला. भिंतीला टेकून बसायचाही नाही, रंग खराब होईल म्हणून. असला बुळचट माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण रडका चेहरा आणि खोल गेलेले डोळे असल्यामुळे या कामाला अगदी नामी होता.

त्या संध्याकाळी मी त्याला घेऊन निघालो, तर ही दारात आडवी उभी.

"अहो, हे शेवटचं हं," ती म्हणाली. "मागच्या वेळी परत आला तर तीन दिवस बोलला नाही. त्याला परक्या घरात असं टाकून येता तुम्ही."

"हॉटेलात नेऊन ठेवू का लाटसाहेबांना?"

"उद्या संध्याकाळी त्याला परत आणा. तो आला नाही तर मीसुद्धा या घरात राहणार नाही. सांगून ठेवते."

बायका असं बोलतात. मी गाडी काढली.

घर ओळीतलं शेवटचं होतं. बैठं, पुढे सिमेंटचा कट्टा, आत एक मोठी खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि मागे मोरी. भिंतींवर काढलेल्या तसबिरींच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. आता तुमच्या मनात काय आलं ते मला माहीत आहे. तिथे कुणी फास घेतला होता का? कुणी जळून मेलं होतं का? काहीही नाही! आधीचे लोक ट्रकमध्ये सामान भरून गेले होते, सगळे जिवंत आणि धडधाकट. नंतर मी त्यांना शोधूनही काढलं. भाड्याच्या खोलीत राहतात. आधीच्या मालकाची आई दारात येऊन मला मनसोक्त शिव्या घालून गेली. ठणठणीत म्हातारी. त्या घरात काहीएक वाईट घडलेलं नाही, हे आधी डोक्यात घाला.

मेहुण्याने गादी अंथरली, बाटल्या मांडल्या. मी नेहमीप्रमाणे त्याच्याकडून वाक्य म्हणवून घेतलं, कारण त्याच्या अकलेचा भरवसा नव्हता.

"हे माझं घर आहे," तो म्हणाला. "मी कुठे जाणार नाही."

एरवी तो पाठांतर करणाऱ्या पोरासारखं म्हणायचा. त्या दिवशी हळू म्हणाला आणि म्हणून झाल्यावर आतल्या खोलीकडे बघत राहिला, तिकडून कुणी ओ देईल अशा नजरेने. मग भिंतीला पाठ टेकून आरामात बसला. मी मागचं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावर गाडीत बसलो. मला हा भाग फार आवडायचा. लोक नाकं वर करून आत जातात आणि शेपूट घालून बाहेर येतात. सगळ्यात आधी एक चष्मेवाला गेला. माझा जुना प्रतिस्पर्धी, स्वतःला फार हुशार समजणारा. दहा मिनिटांत बाहेर आला आणि माझ्या खिडकीशी वाकला.

"या घराचा नाद सोडा," तो म्हणाला. "आत अख्खं कुटुंब आहे."

"कुटुंब?"

"म्हातारी आहे अंथरुणावर. तिचा मुलगा पाय चेपत बसलाय. कोण काढणार त्यांना? मला पाप नाही लावून घ्यायचं."

तो गेल्यावर मी गाडीत एकटाच हसलो. म्हटलं, पठ्ठ्याने कुठून तरी म्हातारी पैदा केली! आयुष्यात पहिल्यांदा याने डोकं चालवलं. पाठोपाठ दुसरा विचार आला, की ही म्हातारी भाड्याने आणायला पैसे कुणाचे गेले?

मग एक नवरा-बायको गेले. नुकतंच लग्न झालेले, हातात मोजपट्टी. बाहेर आले तेव्हा बाईचे डोळे ओले होते. नवरा म्हणाला, त्या आजींनी हिला जवळ बसवून घेतलं, जेवलीस का म्हणून विचारलं. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आहे हो त्यांच्या हातावर, आणि तोच हात हिच्या डोक्यावरून फिरवत होत्या. आम्हाला नको हे घर. मी मान हलवली, चुकचुकलो. दिवसभर हेच चाललं होतं. कुणी पाणी पिऊन आला, कुणी चप्पल बाहेर काढून आत गेला आणि आवाज न करता बाहेर आला. लिलावातलं घर बघायला आलेले लोक चपला काढून आत जातात, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

उजेड कमी व्हायला लागला तसे शेवटचे लोकही गेले. मेहुणा मागच्या दाराने यायचा होता. आला नाही. चिडून मीच गेलो.

आत दिवा नव्हता. खिडकीतून राखाडी उजेड येत होता तेवढाच. दाराशीच मला वास आला. दुखण्यावर चोळायच्या तेलाचा, धुतलेल्या चादरींचा आणि गरम अन्नाचा. आदल्या दिवशी त्या घरात फक्त चुन्याचा आणि बंद हवेचा वास होता. मेहुणा गादीवर नव्हता. मधोमध जमिनीवर मांडी घालून बसला होता. समोर काही नव्हतं.

"चल, नाटक संपलं," मी म्हणालो. "आणि ती म्हातारी कुठून आणलीस? तिचे पैसे मी देणार नाही."

"हळू बोला भाऊजी," तो म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा..."

"कुणाचा?"

"आईचा."

मला वाटलं, गंमत करतोय. त्याने माझ्याशी कधी गंमत केली नव्हती. मी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. एरवी काडीसारखा माणूस, पण जागचा हलला नाही. त्याच्या तोंडावर असा निवांतपणा होता की मला त्याचा राग आला.

"पाय मागे घ्या, भाऊजी," तो अगदी शांतपणे म्हणाला. "ताटात पडेल."

मी खाली पाहिलं. मोकळी फरशी. पण माझ्या पोटरीला वाफ लागत होती. नुकतंच वाढलेलं काही जवळ असलं की लागते तशी, गरम, ओलसर. मी पाय मागे घेतला तर वाफ थांबली. पुन्हा पुढे केला... पुन्हा लागली. आणि मग आतल्या रिकाम्या खोलीत कुणीतरी कूस बदलली. गादीचा कापूस दबतो तो आवाज. मी आणलेली गादी तर माझ्यासमोर कोपऱ्यात गुंडाळलेली होती.

मी भ्यालो. त्यात लाज कसली? तुम्ही असतात तर तिथेच आडवे झाला असतात. मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि गाडीत बसून दारं लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चावीवाल्याला घेऊन गेलो. घर रिकामं. मेहुणा नाही, दोरी नाही, गादीसुद्धा नाही. मी खोल्याखोल्यांतून त्याच्या नावाने ओरडत फिरलो. मागे वळून बघतो तर चावीवाला उंबऱ्याबाहेर बूट काढून उभा.

"साहेब, बाहेर या," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बरं दिसत नाही. माणसं झोपलीत अजून."

"कोण माणसं? कुठायत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायाजवळच्या फरशीकडे पाहिलं. आणि बूट हातात घेऊन निघून गेला.

लिलाव मीच जिंकला. दुसरं पाकीटच आलं नव्हतं. साहेबाने माझ्याशी हात मिळवला आणि नंतर तो हात रुमालाला पुसला, मीच कुणाला तरी रस्त्यावर काढणार असल्यासारखा. दोन पैशांचा कारकून आणि त्याचे हे नखरे!

हिला काय सांगायचं हा प्रश्न होता. आधी म्हटलं, पळून गेला असेल, सवयच आहे त्याची. ती ऐकेना. मग वैतागून सगळं सांगितलं. चष्मेवाल्यापासून सगळं, खिल्ली उडवत. "तुझ्या भावाला म्हणे आई मिळालीय. अंथरुणावर असते. हातावर हा एवढा भाजल्याचा डाग."

ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"कोपरापासून मनगटापर्यंत?" तिने विचारलं.

मी माझ्या सासूला पाहिलेलं नाही. फोटोही नाही त्यांच्याकडे, असली माणसं ती. हिने विळी बाजूला ठेवली, हात धुतले आणि चांगली साडी नेसून आली. मी अडवलं. म्हटलं, वेड लागलंय का? ती भांडली नाही. भांडली असती तर मी थांबवलं असतं. मी गाडीने सोडलं तिला, आणि जाताना दर वळणावर सांगत होतो, की तुझं समाधान झालं की आपण परत येऊ. ती मान डोलावत होती. दारापाशी तिने चप्पल काढली, पदर सारखा केला आणि आत गेली. मी कट्ट्यावर थांबलो. आतून तिचा आवाज आला. "आई गं..." एवढंच. दुखल्यावर म्हणतो तसं नव्हे. हाक मारली तिने.

मी लगेच आत गेलो. अगदी लगेच. घर रिकामं होतं. बाहेर तिची चप्पल मात्र होती, अजून गरम.

पोलीस आणले. पोलीस आत गेला आणि बऱ्याच वेळाने तोंड पुसत बाहेर आला. "काय हो," तो म्हणाला, "बायकोच्या आईला आणि भावाला घराबाहेर काढायला निघालात? तुमच्या बाईसाहेब आपखुशीने राहिल्यात तिथे. मला जेवायला वाढलं त्यांनी." मी त्याला म्हटलं, मला दिसत नाहीत ते. त्याने माझं तोंड हुंगलं. वकील केला. वकील म्हणाला, घर तुमचं, माणसं तुमची, दावा कुणावर लावायचा? मी दारं-खिडक्या काढून नेल्या, तर दुसऱ्याच दिवशी जाऊन बघतो तो शेजारचे लोक नवीन बसवत होते, आजींना वारा लागतो म्हणून. सगळ्यांना दिसतात. दूधवाल्याला दिसतात. भाड्याने घर बघायला आलेल्या येरागबाळ्यांना दिसतात. मलाच दिसत नाहीत! मी रोज जातो. मधोमध उभा राहतो. हिला हाका मारतो, शिव्या देतो, एकदा तर हातही जोडले. फरशी, भिंती, फिकट चौकोन. बस.

इकडे माझ्या घरात चहाचा डबा कुठे असतो ते मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी कुलूप उघडून आत येतो तेव्हा तिची आठवण येते. सांगतो तुम्हाला, छातीत दुखतं. तुम्ही हसलात तरी चालेल.

म्हणून मी ते घर विकायला काढलं. विकायचं कुठलं? पण जाहिरात दिली की तुमच्यासारखे हावरट लोक बघायला येतात. त्यांना चावी देतो, कोपऱ्यावर थांबतो, आणि बाहेर आले की त्यांच्याकडून हिची खबर काढून घेतो. ती वाळली आहे का? गुडघा दुखतो का अजून? केस बांधले होते की मोकळे? लोक भिंतींची ओल सांगायला लागतात, मी म्हणतो, मूर्खांनो, बाई कशी होती ते सांगा.

गेल्या आठवड्यात एक पेन्शनर आला होता. कंटाळवाणा गृहस्थ, प्रत्येक वाक्य दोनदा बोलणारा. पण डोळे चांगले होते त्याचे.

"बाई मजेत आहेत," तो म्हणाला. "मजेत आहेत. तुमच्या मेहुण्यांनी भिंतींना रंग दिलाय. पिवळा."

"माझ्याबद्दल काही निघालं?"

तो चुळबुळला. "आजींनी विचारलं, जावई कधी येणार म्हणून. तर बाई म्हणाल्या, येतात ते. रोज येऊन उभे राहतात. पण त्यांना घर रिकामंच दिसतं... आपल्या घरातसुद्धा तसंच दिसायचं. आणि हसल्या हो. रागाने नाही. मग ती मुलगीपण हसली."

"कोण मुलगी?"

"त्यांच्या कडेवर होती ना. वर्ष-सव्वा वर्षाची असेल."

आम्हाला मूल नाही. झालंच नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, शेवटी मीच म्हटलं, पुरे झाले खर्च. घरात त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

"शेजारच्यांची असेल," मी म्हणालो.

"छे हो," तो म्हणाला. "नाक तर अगदी तुमचं आहे. मी बघतच राहिलो. नाक अगदी तुमचं. आणि मी निघालो तेव्हा दाराकडे बोट दाखवून बाबा, बाबा करत होती. मी वळून पाहिलं तर उघड्या दारातून तुमची गाडी दिसत होती."

मी उतरून धावत गेलो. दार उघडंच होतं. रिकामी खोली. मी खाली वाकलो, गुडघ्यांवर बसलो, हात पुढे केले, पोराला घ्यायला करतात तसे. किती वेळ बसलो कोण जाणे. हातांत काही आलं नाही. फक्त माझ्या करंगळीभोवती काहीतरी घट्ट होत गेलं, आणि मग सुटलं.

तर हे असं आहे. ही घ्या चावी. सकाळी जाऊन बघून या. ओल बघू नका, वायरिंग बघू नका, ते तुम्हाला कळतही नाही. तुम्ही काही फारसे कामाचे दिसत नाही मला, पण एवढं तरी जमेल. त्या पोरीला ती काय नावाने हाक मारते, तेवढं नीट ऐकून या.